बैलाचे दात आणि जुनी मोठी गाडी

परवा संध्याकाळी लातूरहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता त्याचे खत-बियाण्यांचे दुकान आहे, बरे चालते. म्हणाला, "गुरुजी, एक मोठी गाडी मिळायलीय. नवी होती तेव्हा ४० लाखांची होती, आता ९ लाखांत द्यायला तयार आहे. तुमच्याकडं तशी होती ना? घेऊ का?"

मी मराठीचा मास्तर. आयुष्यभर संधी-समास आणि निबंध शिकवले. गाडीतले मला काय कळणार? पण आमच्या घरी पाच वर्षे अशी एक गाडी होती आणि तिने माझी चांगली शिकवणी घेतली. फोनवर निम्मेच सांगता आले. उरलेले इथे लिहितो, आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आपल्या नांदेड-लातूर भागात मोठी गाडी काही फक्त खड्ड्यांसाठी घेत नाहीत. पांढरी, उंच गाडी दारात उभी असली की सोयरिकीला आलेले पाहुणे दोन प्रश्न कमी विचारतात. बाजार समितीत कुणीतरी खुर्ची पुढे सरकवतो. आमच्या चिरंजीवांनाही हा मोह झाला. नवी घ्यायची ऐपत नव्हती, पण नव्या लहान गाडीच्या पैशात जुनी मोठी मिळत होती. गाडीचे नाव सांगत नाही. दोष गाडीचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

अशा गाड्या इतक्या स्वस्त का होतात, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. महाग गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते, कारण ज्याला परवडते तो नवी घेतो. त्यात दिल्लीची गोष्ट आहे. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या तिथल्या रस्त्यांवरून हटवायचा आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे त्यात फेरबदल झाले. पण तिकडच्या कितीतरी गाड्या मिळेल त्या भावाने इतर राज्यांत गेल्या. दहा वर्षांची गाडी वाईटच असते असे नाही. पण विकणाऱ्याची अडचण आणि घेणाऱ्याचा मोह एकत्र आले की डोळे मिटले जातात.

आणि खरी गोम पुढेच आहे. गाडी ९ लाखांची झाली, तरी तिचे ब्रेक, तिचा गिअरबॉक्स, तिचा टर्बो हे ४० लाखांच्या गाडीचेच राहतात. किंमत गाडीची उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच. आमच्या गाडीच्या पहिल्याच मोठ्या दुरुस्तीचे बिल बघून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले होते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, ९ लाख जवळ असतील तर गाडी ७ लाखांची बघा. उरलेले दोन तिच्याच नावाने बँकेत ठेवा. ते ठेवणे जमत नसेल, तर ती गाडी आपली नव्हे.

दुसरा प्रश्न, ती अडली तर बघणार कोण? २०२१ साली फोर्डने भारतातले उत्पादन थांबवायचे जाहीर केले. कंपनीने सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले, तरी एंडेव्हरवाल्यांना सुट्या भागांची चिंता लागलीच. ती चिंता आपण घेण्याआधीच करावी. या गाडीचा जाणता मेकॅनिक नांदेड-लातुरात आहे, की दर वेळी हैदराबाद नाहीतर पुणे गाठायचे? अहमदपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली, तर ती उचलून न्यायचा खर्च कोण देणार?

माझे वडील शेतकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर माळेगावच्या यात्रेत बैल घ्यायला गेलो आहे. विकणारा शिंगे रंगवून, पाठीवर झूल टाकून लाल कंधारी बैल उभा करायचा. वडील झुलीकडे बघतसुद्धा नसत. आधी जबडा उघडून दात बघायचे. दोनदाती, चारदाती, की जुळलेला? मग खूर, मग खांदा, मग चालवून बघणे. आणि जुंपून बघितल्याशिवाय पैशाची गोष्ट नाही. देवणी बैल घेणारे लातूरकडचे शेतकरीही असेच पारखत.

गाडीलाही दात असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी चाळीस हजार किलोमीटर फिरली असे मीटर सांगते आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते, तेव्हा रबरावर विश्वास ठेवावा. मालकाला बजावावे की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार इंजिन कसे सुरू होते, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे तेव्हाच कळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली, तरी बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहून जातो. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. ती मुंबईची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या पावसाळ्यात आपल्याच मुखेड तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली. आणि शेवटी, दोन-तीन हजार घेईल, पण आपला मेकॅनिक न्यावा. गाडी वर उचलून खालून बघावी, संगणक लावून आतले दोष वाचून घ्यावेत. आम्ही यातले काही केले नाही. आम्ही झूल बघितली.

कागदांचेही तसेच. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसी बुकावरही असतो. बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत हवी. महाराष्ट्रात ती कायमची ठेवायची तर बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. तो व्यवहार ठरवतानाच हिशेबात धरावा. विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी हातोहात कितीही फिरली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते.

आता घरी निगा राखण्याविषयी. हे सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून शेवटी.

बिले बघून आमच्या नातवाने ठरवले की तेल आपणच बदलायचे. पोरगा इंजिनिअरिंगला, मोबाइलवर चित्रफिती बघितलेल्या. दिवाळीत सगळे नांदेडला जमले होते. अंगण आमचे काळ्या मातीचे, परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. त्याने डिकीतला जॅक लावला, आधाराला चार विटा रचल्या आणि खाली शिरला. मी ओट्यावर बसून कौतुकाने बघत होतो. हे मी मुद्दाम लिहितो. मी बघत होतो आणि मला काही वाटले नाही. आतून सूनबाईंनी चहाला हाक मारली. पोरगा बाहेर आला, हात पुसत कप घेतला, आणि जॅक एका अंगाने मातीत रुतून कलंडला. विटा पापडासारख्या फुटल्या. दोन टनांच्या वरचे ते धूड, जिथे त्याची छाती होती तिथे बसले.

त्या दिवशी घरात कुणी कुणाला रागावले नाही. कप मात्र त्याच्या हातात तसाच राहिला, चहा गार झाला. मला अजून रात्री कधीतरी तो आवाज ऐकू येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदेमळणी करतो. लोणी-हळद लावून खांदा चोळतो. ते घरच्यांचेच काम, दुसऱ्याने करून चालत नाही. पण बैलाला पत्री ठोकायची असली तर ठोकणारा बोलवावा लागतो. वडील पंचक्रोशीतले जाणते शेतकरी, पण त्यांनी कधी हातात पत्री घेतली नाही. गाडीचेही हेच आहे. खांदेमळणी आपली, पत्री जाणत्याची.

खांदेमळणीत काय येते? आठवड्याला टायरची हवा. सकाळी गार असताना इंजिन ऑइलची काडी, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धूळ उडते, तेव्हा एअर फिल्टर उघडून बघणे. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली का ते बघणे. आणि एक वही. तारीख, किलोमीटर, काय केले, किती पैसे. मास्तरकीची एवढी एकच विद्या मला गाडीसाठी उपयोगी पडली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. वही नसेल तर ती तारीख कुणाच्या ध्यानात राहते?

आणि न करण्याच्या गोष्टी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नये. जॅक फक्त उचलायला असतो. पक्की सपाट जमीन, चाकांना अडसर आणि लोखंडी स्टँड नसतील, तर चाक बदलण्यापलीकडे जाऊच नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. कुकरची शिट्टी न जाऊ देता झाकण काढल्यासारखे ते आहे. बॅटरी सोडताना आधी वजा टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे, आणि जवळ विडी पेटवू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, त्या विषारी वायूला वास नसतो. नव्या डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीवर असतो. गळती शोधायला बोट लावले तर ती बारीक धार कातडीच्या आत शिरते. एअरबॅग, ब्रेक, स्प्रिंग यांना घरी हात नको.

काढलेले जुने तेल नालीत नाहीतर बोअरच्या कडेला ओतू नये. ते डब्यात भरून गॅरेजवर द्यावे. आणि गाडी पाइप लावून धुऊ नये, बादली आणि फडके पुरते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ज्यांनी त्या रांगेत घागर धरली त्यांना हे सांगावे लागत नाही, पण त्यांच्या मुलांना सांगावे लागते.

आमची गाडी पुढे तीन वर्षे नीट चालली. शिस्त लागल्यावर तिने त्रास दिला नाही, मग रीतसर कागद करून विकली. तेव्हा घेऊ नको असे मी त्या विद्यार्थ्याला म्हटले नाही. इतकेच म्हटले, "घे. पण आधी दात बघ. आणि घरात जेवढे हात आहेत, त्यांतला एकही तिच्याखाली घालू देऊ नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, माझं पोरगं पण फार उचापत्या आहे."

म्हटले, मग लोखंडी स्टँड आधी घे, गाडी नंतर.