सर ड्युटीवर आहेत

हॉस्टेलवर सगळ्यात आवडतं वाक्य कोणतं, असा सर्व्हे घेतला तर पहिला नंबर "आज मेसमध्ये पनीर आहे" याचा लागेल. दुसरा नंबर नक्की "सर ड्युटीवर गेलेत, लेक्चर नाही" याचा. मीही त्यातलाच. पहिल्या वर्षी हे वाक्य कानावर पडलं की आमची गँग सरळ सदरच्या रस्त्याला लागायची. मंगळवारी बाजाराच्या बाजूला तर्री-पोहे, वर अर्धा कप चहा आणि दोन तास गप्पा. सर कुठे गेले, काहून गेले, हे विचारायची कोणाला पडली होती?

मागच्या सेमिस्टरला मात्र झटका बसला. एका विषयाची शेवटची दोन युनिट चार दिवसांत, झेरॉक्सच्या नोट्सवर उरकली. पेपरात नेमका त्यांच्यावरच घाव बसला आणि माझा बॅक लागला. अभ्यास केला नाही हा माझा दोष, तो कबूल. पण सुट्टीत सहज वहीतल्या तारखा मोजल्या, तर ४८ पैकी १३ तास झालेच नव्हते. त्यातले दोनच सरांच्या रजेचे. बाकी सगळे ड्युटीचे. कधी निवडणुकीचं ट्रेनिंग, कधी कमिटी येणार म्हणून फायली, कधी ऍडमिशनचं काम. सर आळशी नव्हते. उलट रात्री आठला पण स्टाफरूममध्ये दिसायचे. फक्त वर्गात दिसत नव्हते.

हे घरी सांगितलं तर आई हसली. माझी आई काटोलकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा दोन शिक्षकांची, वर्ग चार. ती म्हणाली, "अरे बाबू, तुमचा एक तास बुडतो. माझ्या जोडीदाराला ड्युटी लागली की चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसावं लागते. पहिलीचं पोरगं रडते, चौथीचं भागाकारात अडकते, आणि तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा असतो." मग तिने कामांची यादीच वाचली. मतदार यादी, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब, २०१५ पासून 'सरल'वर मुलांची माहिती भरणे, शिवाय वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे कागद. मी बोटं मोजता मोजता थांबलो.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २७ स्पष्ट सांगतं की शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. अपवाद तीन : दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरला आहे, आणि त्यात शिकवण्याबरोबर तयारीचा वेळही मोजला आहे. म्हणजे उद्याच्या तासाची तयारी हेसुद्धा कामच आहे, हे कायद्याला कळतं. ड्युटी लावणाऱ्याला कळत नाही.

कायद्याच्याही आधी, डिसेंबर २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोग आणि दिल्लीतली सेंट मेरीज शाळा यांच्या खटल्यात मधला रस्ता दाखवला होता. मतदार यादीचं काम शिक्षकांना द्यायचं तर सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्या. शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळात सहसा देऊ नका. इतकी साधी गोष्ट! पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाला शिक्षकाचं कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक, याची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढावा लागला. कायदा लागू होऊन चौदा वर्षांनी अशी यादी करावी लागते, यातच सगळं आलं.

आणि ही गंमत फक्त आपल्या राज्यातली नाही. २०१७ मध्ये बिहारमध्ये शिक्षकांना उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं गेलं. २०२१ मध्ये तिथेच शाळेतल्या धान्याचे रिकामे पोते दहा रुपये नगाप्रमाणे विकायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडलं. वाचून हसू येतं. पण त्या शाळेतल्या पोराच्या जागी आपण बसून पाहावं.

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. शिक्षकांनाच ही कामं का? कारण गावोगावी पोचलेला, लिहिता-वाचता आणि लोकांचा विश्वास असलेला सरकारी माणूस म्हणजे मास्तर. २०११ च्या जनगणनेला सुमारे २७ लाख कर्मचारी लागले, त्यांत मोठा वाटा शिक्षकांचा होता. मतदान केंद्रावर मास्तर बसलेला असला तर गाव निर्धास्त असतं. हा मान आहे, ओझं नाही, असं आईसुद्धा म्हणते. पाच वर्षांतून एकदा मतदान आणि दहा वर्षांतून एकदा जनगणना, याला तिची ना नाही. तिचा राग आहे तो वर्षभर चालणाऱ्या कामांवर, जी करायला खरं म्हणजे एक कारकून पुरेसा आहे, पण त्याची जागाच भरत नाहीत.

बरं, आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांचं काय? कलम २७ ची छत्री शाळेपुरती आहे. कॉलेजच्या प्राध्यापकाला ती नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात आठवडा ४० तासांचा आणि त्यात असिस्टंट प्रोफेसरने वर्गावर १६ तास द्यायचे असं आहे. बाकीच्या २४ तासांत काय काय कोंबायचं, याला अंत नाही. नॅक, एनबीए यांच्या फायली, परीक्षेचं काम, आणि आपल्या विदर्भात सर्वांना माहीत असलेलं आणखी एक काम, म्हणजे ऍडमिशन आणणं. जागा रिकाम्या राहू लागल्या तशी बऱ्याच खाजगी कॉलेजांतली मास्तर मंडळी उन्हाळ्यात गावोगाव हिंडून बारावीच्या पोरांचे फोन नंबर गोळा करू लागली. थर्मोडायनॅमिक्स शिकवायला घेतलेला माणूस नागपूरच्या ४५ डिग्रीत पत्रकं वाटतो! त्यातही ज्यांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, त्यांच्याच वाट्याला जास्त, कारण ते नाही म्हणू शकत नाहीत. वरून एआयसीटीईने २०१८-१९ पासून एका शिक्षकामागे १५ ऐवजी २० विद्यार्थी केले. माणसं कमी, कामं तेवढीच.

हे दुखणं जगभर आहे म्हणा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला परदेशातून शिक्षक बोलावतात. तिथल्या सरकारी शाळांसाठी १९९५ पासून एपिक नावाची योजना आहे. त्या करारात आठवड्याला वर्गावर २२ तास असं लिहिलेलं असतं आणि त्यावर शिकवलं तर जास्तीचे पैसे मिळतात. खाजगी क्लासेसमध्ये मात्र याच परदेशी मास्तरांना शिकवणं सोडून जाहिरातीची नि इतर वरकामं सांगितली जातात, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. पत्रकं वाटणारा मास्तर नागपुरातच असतो असं नाही! जपानची गोष्ट वेगळी. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, पाहणीत सगळ्यांत लांब. सरासरी होती साधारण ३८ तास. तिथे वेळ खातात ते शाळेनंतरचे खेळांचे क्लब आणि कागदपत्रं. कोरियाच्या त्या करारातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते : आकडा लिहिलेला असला की भांडायला जागा राहते.

मग मास्तरांनी वर्गाबाहेर काहीच करू नये का? असं अजिबात नाही. आपल्या हॉस्टेलचे रेक्टरही शिक्षकच. मागच्या पावसाळ्यात रूममेटला १०४ ताप चढला तेव्हा रात्री दोनला त्याला स्वतःच्या गाडीवर मेयोला नेणारे तेच. हे काम टाइमटेबलात नव्हतं. पण ते आमच्यासाठी होतं आणि त्यासाठी कोणाचा तास बुडाला नाही. माझं म्हणणं एवढंच की जास्तीचं काम वर्गाच्या तासातून कापून घेऊ नये, आणि कापलंच तर ते लपवू नये. आज होतं असं की तास बुडतो, पण कागदावर सिलॅबस पूर्ण असतो. त्यामुळे सर किती राबले तेही कोणाला दिसत नाही आणि आमचं किती गेलं तेही.

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली, ड्युटीमुळे तास झाला नाही तर तो कधी भरून देणार, ती तारीख त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लागावी. दुसरी, ड्युट्यांची यादी डिपार्टमेंटमध्ये उघड असावी, म्हणजे दरवेळी नव्या आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या सरांनाच पुढे करता येणार नाही. तिसरी आपल्यासाठी. ऍडमिशनचा हेल्प डेस्क, डेटा एंट्री, फायलींचं स्कॅनिंग ही कामं थर्ड इयरची पोरं आरामात करू शकतात. कॉलेजने थोडं मानधन दिलं तर मेसचं बिलही निघेल, आणि सर वर्गात येतील.

असो. बॅकचा पेपर जवळ आला आहे, मला बसायला हवं. पण पुढच्या वेळी "सर ड्युटीवर आहेत" ऐकलं की लगेच चपला घालू नका. आधी सी.आर.ला विचारा, "कोणत्या ड्युटीवर? आणि आपला तास कधी?" मग जाऊ पोहे खायला.