सुप्याला सहल का जात नाही?

आमच्या पणदऱ्यातून दर हिवाळ्यात गडकोटांसाठी दोन-तीन गाड्या तरी निघतात. रायगड, प्रतापगड, पन्हाळा, पावनखिंड. पानिपतला जाऊन आलेलेही गावात आहेत. जावंच, त्याला माझी ना नाही. माझं भांडण वेगळं आहे. याच पोरांना सुपे म्हटलं की फार तर शहामन्सूरचा दर्गा आठवतो. सुपे आपल्याच बारामती तालुक्यात, मोटारसायकलवर तासाभराच्या अंतरावर. तिथं १२ मे १८७५ रोजी जे घडलं, त्यानं इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमायला लावला आणि चार वर्षांनी कायदा करायला लावला. तरी तिथं सहल जात नाही.

सुट्टीच्या दिवशी, पैसे न घेता, मी लोकांना तालुक्यातला इतिहास चालत दाखवतो. सुप्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिथं बघायला काय आहे?

अहो, रणभूमीवर बघायला असतं तरी काय? ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती खडकी-गणेशखिंडीच्या माळावर. आज तिथं सिग्नलला गाड्या तुंबतात. शेजारच्या इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले, त्याच्या सालाबद्दलसुद्धा अभ्यासकांचं एकमत नाही. बुरूज आणि तोफा ज्याला दिसतात त्याला वाटाड्या लागत नाही. जिथं नुसता रस्ता आणि दुकानं उरली आहेत, तिथंच सांगणारा माणूस लागतो.

दुसरा आक्षेप जास्त कडक असतो. ती लढाई कुठं होती, दंगा होता! सरकारी दप्तरात दंगाच लिहिलंय, हे खरं. पण दप्तर कुणी लिहिलं हेही बघायला पाहिजे. आणि लढाई म्हणायला तलवारच लागते, असं कुणी ठरवलं?

या भांडणाची सुरुवात इंदापुरातली आहे. जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची मुंबई इलाख्यातली पद्धत सुरू झाली तीच १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात. तीस वर्षं भरली आणि १८६६-६७ ला सारा वाढवला, तोही थोडाथोडका नाही, गावोगाव निम्म्याहून जास्त. वेळही नेमकी वाईट. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो युद्ध १८६५ ला संपताच कोसळला. सारा मात्र रोखीतच भरायचा. सावकाराकडं जायचं, न वाचता येणाऱ्या खतावर निशाणी करायची, आणि कोर्टात तेच खत ब्रह्मवाक्य. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूरकडच्या करड्यात लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. त्याचं दुकान, त्याचं काम, सगळं बंद. पाच महिन्यांनी सुप्यात आसपासच्या गावचे शेतकरी जमले. त्यांनी मागितली ती खतं आणि वह्या, आणि हातात आल्यावर त्यांची होळी केली. धान्याची दुकानं लुटली गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सावकारांना मारझोड त्यामानानं फार कमी झाली, हे आयोगाच्या अहवालातही आहे.

इथवर सांगितलं की टाळ्या पडतात. त्यापुढचं सांगितलं की पडत नाहीत. हल्ला झाला तो मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर. ज्या गावात ब्राह्मण किंवा इतर जातीचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथं त्यांना बहुधा कुणी हात लावला नाही. सारा वाढवला सरकारनं, पण राग निघाला तो बाहेरून आलेल्या दुकानदारावर. हे गाळून जो सुपे दाखवेल तो वाटाडा नव्हे, शाहीर. शाहिराचा मान वेगळा आहे, पण त्याचं काम वेगळं.

आणि हाच माझा आजच्या लढाईदर्शनाच्या सहलींवरचा मुख्य आरोप आहे. कुणी कुठून चाल केली, कुणाची मुंडकी उडाली, हे रंगवून सांगतात. मधेच राजांच्या तोंडी कुठल्याही कागदात नसलेली वाक्यं घालतात. पण त्या फौजेचा पगार कुठून आला, रसद कुणाच्या शेतातून उचलली, त्या गावाचं पुढं काय झालं, यावर चकार शब्द नाही. ऐकणारा भारावून घरी जातो आणि त्याला काही विचारावंसंच वाटत नाही.

सुप्याची गोष्ट सांगितली की मात्र विचारतात. आमच्याकडं नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं चालताना मी ती सांगतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हा कालवा आला, मागाहून ऊस आला. बरोबर चालणाऱ्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं, त्यांना खत म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. एकदा एका बाईंनी विचारलं, “मग खतं जाळल्यावर कर्ज फिटलं का हो?” असला प्रश्न मला पन्हाळ्यावर कधी ऐकू आला नाही. उत्तर सरळ नाही. दंग्याच्या गावांवर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्चही गावकऱ्यांकडूनच वसूल केला. पण १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला खताच्या मागं जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासता येऊ लागला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं.

सुप्यात फेरी काढायची ठरवली तेव्हा बाजारपेठेतल्या एका वयस्कर दुकानदारांनी मला बोलावून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाले, “आमचं घराणं चार पिढ्या इथं आहे. तुम्ही दुकानासमोर उभं राहून आमच्याकडं बोट दाखवणार काय?” मी म्हटलं, “कुठल्याच घराकडं बोट दाखवणार नाही, काका. पण कुणावर हल्ला झाला आणि कुणाला सोडलं, हे मात्र सांगणार.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “किती वाजता निघणार?” मी म्हटलं, सकाळी सातला. “मग मीही येतो,” म्हणाले, “दुकान नऊला उघडतं.”