दिवाणखाना कुणी मांडायचा?

नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक आणि कलावंतांच्या नावांखाली बारीक अक्षरांत आणखी काही नावं असतात. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा. पुढच्या वेळी ती जरा निरखून वाचा. वेशभूषेपुढे बाईचं नाव बऱ्याचदा सापडतं. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेपुढे ते शोधावं लागतं. कापड, सुई-दोरा बाईचा. लाकूड, खिळे, शिडी आणि वीज पुरुषाची. घरातली श्रमविभागणी पडद्यामागे जशीच्या तशी येऊन बसली आहे.

वेशभूषा हे कमी प्रतीचं काम आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, तेही भारतीयांमधलं पहिलं. पण कपड्यांचं काम बाईला 'उपजतच येतं' असं धरलं की त्याचे पैसे मागणं अवघड होतं. "घरातल्याच चार साड्या काढा ना," हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे याचा हिशेब नाही. सुताराला कुणी घरचं लाकूड आणायला सांगत नाही.

मी नेपथ्य करते, लागलं तर कपडेपटही बघते, आणि कुठेही नोकरीला नाही. फ्रीलान्सला मराठीत आपण 'मुक्त' असा छान शब्द वापरतो. या मुक्तीचा व्यवहार असा : संहिता वाचायची, तालमींना बसायचं, आराखडे काढायचे, पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं, सुतार आणि रंगाऱ्याच्या मागे लागायचं. सगळा सेट घडी होऊन टेम्पोत मावला पाहिजे आणि दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात, रात्रीचा दुसऱ्या, असं असेल तर झटपट उभा राहिला पाहिजे. हे सगळं शुभारंभाच्या आधी. पैसे मात्र हप्त्यांनी, आणि शेवटचा हप्ता नाटक 'चाललं तर'. नटांना प्रयोगागणिक नाईट मिळते. आम्हाला बहुधा एकरकमी मानधन. प्रयोग तीनशे झाले तरी तेवढंच, पाचव्या प्रयोगाला नाटक बंद पडलं तर त्यातलंही बुडालेलं. प्रयोगामागे काही देणारे निर्माते आहेत, पण ते अपवाद. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती ऑक्टोबरपर्यंत. त्या काळात मला कळलं की मी कुणाच्याच हजेरीपटावर नाही.

मग करायचं कशाला, असं घरचेही विचारतात.

आपल्या कौटुंबिक नाटकाचा ठरलेला दिवाणखाना डोळ्यांसमोर आणा. मध्ये सोफा, मागे खिडकी किंवा जिना, एका बाजूला बाहेरचं दार, दुसऱ्या बाजूला आत जाणारं. त्या आतल्या दारातून बाई चहाचा ट्रे घेऊन येते, बोलणी खाते आणि परत आत जाते. स्वयंपाकघर विंगेत! म्हणजे बाईच्या दिवसाचे निम्मे तास प्रेक्षकांनी बघायचेच नाहीत, हे एका रेघेने ठरून गेलेलं असतं. एका नाटकात मी दिग्दर्शकाशी भांडून ओटा रंगमंचाच्या मधोमध आणला आणि सोफा कडेला सारला. नटीला खरोखर कणीक मळावी लागली. तिची वाक्यं मळण्याच्या लयीत येऊ लागली, आणि सासऱ्यांना काही बोलायचं तर ओट्यापाशी येऊन उभं राहावं लागलं. संहितेतला एक शब्दही बदलला नव्हता. हा आनंद मला महिन्याच्या पगारात मिळाला नसता. न पटणाऱ्या नाटकाला 'नाही' म्हणता येतं, हीसुद्धा मोठीच कमाई.

पण ते 'नाही' मला कुणाच्या जिवावर म्हणता येतं? अनेक महिने आमचं घरभाडं नवऱ्याच्या पगारातून गेलं आहे. तालुक्याच्या गावाहून आलेली, नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेली, माझ्यापेक्षा चांगला हात असलेली एक मुलगी दोन वर्षं धडपडली आणि लग्नाची स्टेज सजवणाऱ्याकडे पगारावर लागली. तिला गावी पैसे पाठवायचे होते. एका पत्र्याच्या खोलीत सहा माणसं कशी झोपतात, चूल कुठे, दप्तरं कुठे, न्हाणीला आडोसा कशाचा, हे तिला तोंडपाठ होतं. ते घर आता आपल्या रंगमंचावर येईल कसं? बेभरवशाचं मानधन हा एकेकीच्या नशिबाचा भाग मानला जातो, पण कुणाची घरं नाटकात दिसणार आणि कुणाची नाही, हेही त्यातूनच ठरतं. म्हणून हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे असं मी म्हणते.

कायद्याने थोडं दिलं आहे, थोडं नाही. प्रसूतिरजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार बाईला. मुक्त बाईचं बाळंतपण तिच्या स्वतःच्या खर्चाने. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा मात्र तक्रारदार बाई नोकरीत असलीच पाहिजे असं म्हणत नाही. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची, किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या रंगीत तालमी आणि दौऱ्याच्या बस यांच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत हवं. नाटकवाल्यांपैकी किती जणींना ते कुणी सांगितलं आहे?

आणि थोडं आपल्या संघटनांबद्दल. ८ मार्चच्या कार्यक्रमात मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, जेवणाचे पैसे हिशेबात धरलेले असतात. पथनाट्याचे पडदे रंगवणारी, कपडे शिवणारी मैत्रीण मात्र 'आपलीच' म्हणून फुकट. तिने प्रेमाने सोडले तर गोष्ट वेगळी, पण आधी रक्कम कागदावर लिहिली तरी जावी.

एकट्याने मागणं कठीण, हे खरं. लंडनमध्ये १९३०च्या दशकात दोन बहिणी आणि त्यांची मैत्रीण अशा तिघींनी 'मॉटली' या एकाच नावाने काम सुरू केलं. नेपथ्यही त्यांचं, वेशभूषाही त्यांचीच. आपल्याकडे असं काही व्हायला हरकत नाही. तोवर निदान एका पानाचं पत्र तरी असावं : रक्कम किती, हप्ते कधी, शेवटचा हप्ता रंगीत तालमीच्या आधी, पन्नासाव्या प्रयोगानंतर प्रयोगामागे किती, आणि रेखाटनं कुणाच्या मालकीची. असं पत्र मी हल्ली पुढे करते. एका निर्मात्याने ते वाचून, "बाई, तुम्ही वकील आहात का?" असं विचारलं, आणि सही केली.

या क्षेत्रातल्या मैत्रिणींनी आपण किती मानधन घेतो, त्यातलं किती बुडालं, कुणाशी काय ठरवून घेता आलं, हे या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवावं. नाव छापायचं नसेल तर तसं लिहा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी पाठवीन.