चार महिन्यांची वर्गणी

आमच्या वस्तीतल्या विहाराचे हिशोब आणि हजेरी मी लिहितो. कार्तिकात सहामाही हिशोब जुळविताना हजेरीची वही चाळली, तेव्हा ध्यानात आले की भिंतीला टेकून बसणाऱ्या आजींच्या नावापुढे आषाढी पौर्णिमेपासून अंगठा नाही. चार महिने! वर्षावास सुरू झाला, संपला, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन पुरे झाले, समारोपाचे खीरदान झाले. आजी कोठे आहेत, हे कोणी विचारले नाही. वही माझ्याच हातात होती, मीही नाही.

त्याच संध्याकाळी घरी गेलो. आजी खाटेवर बसून तांदूळ निवडीत होत्या. जयभीम झाला, चहा झाला. म्हटले, “आजी, बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय? विहार वर गेला बाळा, मी खालीच ऱ्हायले.”

माझी मान खाली गेली. विहार दुमजली बांधला तेव्हा वंदनेची जागा वरच्या मजल्यावर नेली आणि खालचा हॉल लग्न-बारशाला भाड्याने द्यायचे ठरले. विजेचे बिल भागावे, हा हेतू. ठरावाचा मसुदा माझ्याच हातचा. वीस पायऱ्या, त्यात एका बाजूला कठडा नाही. पावसात त्या निसरड्या झाल्या आणि आजींचे गुडघे हटून बसले.

१९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला तेव्हा या बाई चौदा-पंधरा वर्षांच्या. पुढे गावात दीक्षा झाली, तेव्हा वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. ती टोपली यांच्या डोक्यावर होती. शहरात आल्यावर विहाराच्या पायाला वाळू वाहिली, तीही याच डोक्यावरून. गेल्या १४ एप्रिलला आम्ही त्यांचा सत्कार केला होता. ती शाल अजून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली होती. शाल-हारांचा खर्च माझ्या वहीत दर वर्षी असतो. थकलेल्या माणसाला विहारात आणण्यासाठी रिक्षाचा एक रुपया कधी पडलेला नाही.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक हकीकत आहे. भगवान बुद्ध भिक्खूसंघासह श्रावस्तीकडे निघाले होते. काही भिक्खूंचे शिष्य पुढे धावले आणि मुक्कामाच्या जागा त्यांनी आपल्या गुरूंसाठी अडवून ठेवल्या. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही. त्यांनी रात्र झाडाखाली काढली. पहाटे भगवंत उठून खाकरले, तिकडून सारिपुत्तही खाकरले, तेव्हा हा प्रकार कळला. भगवंतांनी संघ बोलावून विचारले, चांगले आसन, पहिले पाणी, पहिले अन्न कोणाला? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. संघात येऊनही कुळ सुटले नव्हते, पाहा! भगवंतांनी ही सारी उत्तरे बाजूला सारली आणि नियम घातला, की मान ज्येष्ठतेचा. नियम भिक्खूंसाठी आहे, हे खरे. पण झाडाखाली राहिलेले सारिपुत्त आणि जिन्याखाली राहिलेल्या आजी यांत मला तरी फरक दिसेना.

कोणी म्हणेल, घरच्यांनी आणायला हवे होते. मुलगा कंत्राटी कामावर, बारा तासांची पाळी. सून चार घरची धुणीभांडी करते, तिला रविवारचीही सुट्टी नाही. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असल्याने आजींना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत. २०२३ साली ती रक्कम महिना १५०० रुपये झाली. हयातीचा दाखला गेला नाही म्हणून तेही थांबले होते. त्यांना कार्यालयात नेऊन आणायला अर्धा दिवस पुरला असता. आमच्या विहाराच्या कार्यकारिणीत तीन कारकून आहेत!

पुढच्या बैठकीत मी विषय मांडला. रविवारी सकाळी दहापर्यंत खालचा हॉल कोणाला द्यायचा नाही, वंदना खालीच घ्यायची. दोन सभासदांनी हरकत घेतली. लग्नसराईत रविवार सकाळचीच मागणी जास्त, उत्पन्न बुडेल म्हणाले. बुडेलच, हिशोब मीच करतो. अखेर त्यांचा विरोध नोंदवून ठराव मंजूर झाला. महिला मंडळाने आणखी एक गोष्ट ठरविली, जी आम्हां पुरुषांना सुचली नसती. सलग दोन रविवार कोणी म्हातारे माणूस दिसले नाही, तर सोमवारी दोघींनी त्याच्या घरी जायचे.

हे सांगायला गेलो, तर आजींनी उशीखालून बटवा काढला आणि नोटा मोजून माझ्यापुढे ठेवल्या.

“चार महिन्यांची वर्गणी ऱ्हायलीय. पावती फाड.”

म्हटले, “असू द्या आजी, तुमच्याकडून कशाला?”

“कशाला म्हंजे? माझं नाव कापलं का काय वहीतून?”

पावतीपुस्तक पिशवीतच होते. पावती फाडली.