भंगार स्वस्त असेल, पण खरा धंदा छाटणीत आहे!

अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगमध्ये उतरायचंय आणि "आमचा माल ग्रीन" म्हणायचंय? मग आधी हे वाचा.

खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत भंगारातून धातू मिळतो. आपल्याकडे नवा धातू मुख्यतः कोळशाच्या विजेवर बनतो, म्हणून कार्बनमधला फरक आणखी मोठा.

पण माझं स्पष्ट मत आहे: भट्टीच्या आधी छाटणीवर पैसे घाला. भंगारात राहिलेला लोखंडी स्क्रू एकदा विरघळला, की ते लोखंड सहजासहजी निघत नाही. कास्टिंग ठिसूळ होतं. तेलकट तुकड्यांमुळे आत गॅसची छिद्रं पडतात. ओलं भंगार वितळलेल्या धातूत गेलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ! आणि रिजेक्ट झालेला पार्ट पुन्हा वितळवायचा म्हणजे वाचवलेलं इंधन परत जाळायचं.

सुरुवात साधी करा: चुंबक, कोरडी जागा, प्रत्येक हीटची स्पेक्ट्रो टेस्ट आणि भंगार कुठून आलं याची वही. युरोपने २०२६ पासून आयात अ‍ॅल्युमिनियमवर कार्बनचा आकार लागू केलाय. उद्या मोठा ग्राहक तुमच्याकडेही पुरावा मागेल. तेव्हा बोर्डावरचं "ग्रीन" नाही, ही वहीच उपयोगी पडेल.