ठासणी पोलीस ठाण्यात, पिस्तूल स्टेटसवर

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सिंधुदुर्गात एक नवीन खूळ आलंय. वाढदिवसाचा केक, मागे भला मोठा बॅनर आणि केक कापणाऱ्याच्या शर्टाखालून चुकून दिसल्यासारखी दिसणारी पिस्तुलाची मूठ. चुकून काही नसतं हो. फोटोवाल्याला चार वेळा अँगल बदलायला लावलेला असतो. मग तो फोटो स्टेटसवर, खाली 'दादा', 'भाई', 'किंग' आणि आगीच्या ज्वाळा.

यातली बरीचशी पिस्तुलं सिगरेट पेटवायचे लायटर असतात, हे मलाही माहीत आहे. लायटर दाखवून भाई होणाऱ्यांवर मी लिहीत बसणार नाही, त्यांची चेष्टा त्यांचे मित्रच करतात. पण उरलेली पिस्तुलं खरी आहेत, त्यांना सरकारी परवाना आहे आणि तो परवाना 'जिवाला धोका' या कारणावर मिळालेला आहे. ज्याच्या जिवाला खरोखर धोका असतो तो आपल्याकडे शस्त्र आहे हे गावभर सांगत सुटतो का? साधा प्रश्न आहे. तो परवाना देणाऱ्यांना का पडत नाही?

बाहेरच्या लोकांना वाटतं कोकणाचा आणि बंदुकीचा काय संबंध. आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे बंदूक म्हणजे ठासणीची. कित्येक घरांत ती आजोबांपासून आहे, माळ्यावर नाहीतर दाराच्या मागे. आधी दारू घाला, चिंधी ठासा, मग छर्रे घाला, परत गजाने ठासा, टोपी लावा, तेव्हा कुठे एक बार निघतो. दुसरा बार काढेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत पोचलेला असतो. त्या बंदुकीनं कोणी दहशत माजवल्याचं मी तरी ऐकलं नाही. तिचा उपयोग एकच, भात पोटरीला आलं की रात्री मांगरात बसून बार काढायचा आणि कळप हाकलायचा. ती मिरवायची वस्तूच नाही. खांद्यावर घेऊन केक कापायचा म्हटलं तर केक राहील बाजूला आणि भाईच आडवा होईल!

आता गंमत बघा. १९५९चा शस्त्र कायदा या दोन बंदुकांमध्ये फरक करतो आणि तो शेतकऱ्याच्या बाजूनं करतो. कलम १३ काढून वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि अर्जदाराबद्दल दुसरी काही हरकत नसली, तर अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा आहे. ठासणी पुरेशी नाही असं त्याला पटलं तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मात्र 'इतर' या खात्यात येतं. तिथे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे कायद्याच्या लेखी शेतकऱ्याची ठासणी आधी, कमरेचं पिस्तूल नंतर. पुढे कलम १४ आणखी सांगतं की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. गरिबाची आठवण त्या काळच्या कायदा लिहिणाऱ्यांना होती.

प्रत्यक्षात काय चालतं ते सांगायला नको. दोडामार्गकडचे एक काका माझ्या ओळखीचे आहेत, वय सत्तरीच्या पुढे. वडिलांच्या नावची बंदूक त्यांच्या नावावर झाली होती, आता ती मुलाच्या नावावर करायची आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत याची सोय आहे. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली की वारसाच्या नावानं अर्ज करता येतो, मरेपर्यंत थांबावं लागत नाही. काकांनी अर्ज केला. मग एक दाखला कमी पडला. तो दिला तर आधीच्या दाखल्याची मुदत संपली. मग साहेब बदलून गेले. दोडामार्ग ते ओरोस हा प्रवास एसटीनं करून बघा म्हणजे एका हेलपाट्याला किती दिवस मोडतात ते कळेल. त्याच काळात तालुक्यातल्या एका जमिनीच्या दलालाला पिस्तुलाचा परवाना मिळाला आणि त्याच्या पार्टीचं आमंत्रण मलासुद्धा होतं. गेलो नाही, पण फोटो बघावे लागलेच.

दुसरी रड आचारसंहितेची. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. निवडणूक म्हटली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या. मार्चचं ठीक आहे हो, पण १५ ऑक्टोबर! कोकणात भात कापणीला आलेलं असतं तेव्हा. वर्षभर माळ्यावर पडलेली बंदूक ज्या महिन्यात लागते नेमकी त्याच महिन्यात ती पोलीस ठाण्याच्या कपाटात. काका म्हणाले, "डुकरांका आचारसंहिता कोणी सांगूची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण न्यायालयाकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००९ मध्येच सांगितलंय की, सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेता येणार नाहीत. छाननी समितीनं माणूस बघून, त्याचा पूर्वेतिहास बघून ठरवायचं. समित्या बसतात, कागदावर यादीही होते. पण गावात बीट अंमलदाराचा फोन येतो तो एवढाच, "काका, बंदूक आणून टाका." काका आणून टाकतात. भाईला असा फोन कितीदा जातो?

आता जरा घाटावर जाऊ. कारण हे प्रकरण हाताबाहेर गेलं की काय होतं ते बीडनं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंय. ९ डिसेंबर २०२४ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्या खुनात बंदूक वापरली गेली नव्हती. पण लोकांचं लक्ष जिल्ह्याकडे गेलं आणि मग एकेक व्हिडिओ बाहेर यायला लागले. कोणी हवेत बार काढतोय, कोणी कमरेचं पिस्तूल दाखवत चालतोय. आकडा आला तेव्हा कळलं की, त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. नंतर प्रशासनाला जाग आली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. मला त्या रद्द झालेल्या परवान्यांचं कौतुक नाही वाटत. ते आधी दिले कसे, हा माझा प्रश्न आहे. प्रत्येक फाइलवर पोलिसांचा अहवाल असतो, प्रत्येक फाइलवर सही असते. ज्यांनी 'देण्यास हरकत नाही' लिहिलं त्यांच्यातल्या कोणाला साधी नोटीस तरी निघाली का?

वरूनही दार उघडतं, ते वेगळंच. २०२५च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका परवान्यावरून गदारोळ झाला तो आठवा. पोलीस आयुक्तालयानं नाकारलेला अर्ज गृह राज्यमंत्र्यांकडे अपिलात मंजूर झाला होता. अपील हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, त्याला माझी ना नाही. पण आमच्या काकांना अपील म्हणजे काय आणि ते कुठे करतात हे कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला त्यांच्याबरोबर कोण जाणार?

'स्वसंरक्षण' हा शब्द मी हलक्यात घेत नाही. सोन्याचे व्यापारी आहेत, रोकड नेणारे आहेत, साक्षीदार आहेत, वाळूवाल्यांच्या विरोधात तक्रार केलेले लोक आहेत. (आमच्या धंद्यातलेही आहेत. मला स्वतःला एका मित्रानं 'तू पण एक घेऊन ठेव' असा सल्ला दिला होता. बायकोनं तो मित्र घरी यायचा बंद केला.) पण पिस्तूल घरात आलं की त्याचा धनी एकटा परवानाधारक राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. तपासात पुढे आलं की, ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. म्हणजे कागद एकाच्या नावावर आणि बोट दुसऱ्याचं. आपल्याकडच्या फोटोंत तर एकच पिस्तूल चार-चार पोरांच्या हातांत फिरताना दिसतं. तो परवाना नक्की कोणाचा, हे ते फोटो बघणाऱ्या पोलिसांनी कधी विचारलंय?

कायदा यावर गप्प नाही. २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नीट खोळीत ठेवूनच न्यायचं असतं. ते मिरवणं किंवा उडवणं, दोन्हीला बंदी. २०१९च्या दुरुस्तीनं तर लग्न-हळदीत आनंदाच्या भरात दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालून बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. पाच वर्षं कोणी विचारणार नाही म्हटल्यावर मिरवणाऱ्याला मोकळं रानच मिळालं.

काही जण म्हणतील, परवाने कडक केले तर पोरं गावठी कट्टे घेतील. घेतातच की आत्ताही. जळगावच्या चोपड्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे, तिथल्या मालाच्या बातम्या क्राइम बघणारे आम्ही सगळे वर्षानुवर्षं देत आलोय. २०२५च्या नोव्हेंबरात पुण्याच्या पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. चांगलं केलं. पण बेकायदा शस्त्र पकडलं की गुन्हा दाखल होतो, माणूस आत जातो. परवान्याच्या शस्त्राला सरकारचा शिक्का आहे, म्हणून त्याची दहशत जास्त. समोरच्याला कळतं की, याचं वर कुठेतरी वजन आहे. जमिनीच्या व्यवहारात टेबलावर पिस्तूल काढून ठेवलं की, म्हातारी माणसं काय सही करणार नाहीत?

आता आपल्या बाजूचंही बोलू. शेतकऱ्याची बाजू घेतली म्हणून शिकाऱ्यांना सर्टिफिकेट देत नाही. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. बंदूक बाळगायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची आणि रानडुक्कर मारायची परवानगी वनखात्याची, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली. राज्यानं २०१५ मध्ये ती वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणली. तेव्हा अर्ज लेखी करा, पोच घ्या आणि तारीख टाकायला लावा. तोंडी सांगितलेल्याला उद्या कोणी विचारत नाही. आणि 'पारध' म्हणून रात्री दहा-पंधरा जण, डोक्याला बॅटऱ्या, पोटात थोडी घेतलेली, असं जे चालतं ते पीकसंरक्षण नाही. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात अशाच एका टोळीतल्या माणसानं डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. तो गेला आणि बाकीच्यांनी मृतदेह लपवला. पोलिसांपर्यंत गोष्ट जायला दिवस गेले. भीती कसली होती? सगळंच बेकायदा होतं याची.

परवाना मिळत नाही, बंदूक जमा, नुकसानीचा पंचनामा वेळेवर नाही, म्हटल्यावर माणूस काय करतो? फासकी लावतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी मी स्वतः किती वेळा दिलीय त्याचा हिशेब नाही. काही ठिकाणी कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून टाकतात, ते खाऊन गाईचं तोंड फुटतं. ठासणीपेक्षा हे जास्त भयंकर आहे आणि त्याला कुठलाच परवाना लागत नाही.

केरळनं २०२२ मध्ये एक वाट काढली. उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा आदेश द्यायचे अधिकार स्थानिक पंचायतींच्या प्रमुखांना दिले आणि गोळी घालायची ती परवानाधारक नेमबाजानं. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल असं नाही, आपले सरपंच आणि त्यांचे भाई यांची नाती बघता मला त्यात धोका दिसतो. पण निदान कोणी आदेश दिला आणि कोणी गोळी घातली याची नोंद तरी राहते.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. जिल्ह्यात तालुकावार पीकसंरक्षणाचे परवाने किती आणि स्वसंरक्षणाचे किती. गेल्या पाच वर्षांत दोन्ही प्रकारचे नवीन अर्ज किती आले, किती मंजूर झाले आणि प्रत्येकाला सरासरी किती दिवस लागले. विधानसभेच्या वेळी छाननी समितीनं कोणाला शस्त्र जवळ ठेवायची मुभा दिली, नावं नकोत, फक्त शेतकरी किती आणि बाकीचे किती. आणि शस्त्राचं जाहीर प्रदर्शन केलं म्हणून आजवर किती परवाने निलंबित झाले. तीस दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर अपील करीन. आलं की आकडे इथेच टाकतो.

तोवर ज्यांच्या वारसनोंदी अडकल्या आहेत त्यांनी अर्जाची पोच आणि जुन्या परवान्याची झेरॉक्स घेऊन शनिवारी बाजाराच्या दिवशी सकाळी भेटा. काका येणार आहेत. अजून पाच-सहा जण असले तर एकत्रच ओरोसला जाऊ, गाडीचं मी बघतो.