हवाल्यातील माणसे

शिवनेरीचे सात दरवाजे चढून जाताना मला नेहमी आठवण होते ती एखाद्या समरधुरंधर सरदाराची नव्हे, तर गडाच्या हवालदाराची; कारण शिवशाहीत सबनीस व कारखानीस यांच्या बरोबरीने गडाचा कारभार पाहणाऱ्या या अंमलदाराच्या पदनामातच ‘हवाला’, म्हणजे दुसऱ्याने सोपविलेले जपण्याची जोखीम, सामावलेली आहे. ही जोखीम वाहून ज्याने आपल्या काळी परमुलखात कीर्ती मिळविली, तो सेनापती कोल्हापूरकडील वडगावचा : शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

१९२६ च्या सुमारास सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आलेल्या थोरातांनी १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगाव येथे पंजाबी पलटणीचे नेतृत्व करून डी. एस. ओ. हा सन्मान मिळविला. परंतु त्यांचे खरे मोठेपण पाहावयाचे असेल, तर १९५३ च्या शरदातील कोरियाकडे वळले पाहिजे. २७ जुलैच्या युद्धविरामानंतर स्वदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांचा ताबा भारतीय सेनेकडे आला. कैद्यांच्या परतीचा प्रश्न पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आणि कैद्यांचा प्रत्यक्ष बंदोबस्त मेजर जनरल थोरातांकडे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय शिपायाचे पाऊल पडू देण्यास मनाई केल्यामुळे ही सेना समुद्रावरूनच हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली.

सप्टेंबरअखेर चिनी कैद्यांनी भारतीय सेनेतील मेजर ग्रेवाल यांना छावणीत ओलीस धरले, तेव्हा थोरात मोजके सहकारी घेऊन स्वतः त्या प्रक्षुब्ध जमावात शिरले. त्यांनी बळाचा धाक घातला नाही. उलट, आलेल्या पाहुण्याला साधा चहाही न विचारणे ही चिनी लोकांची रीत आहे काय, अशी विचारणा करून त्यांनी संतापाच्या जागी आतिथ्याची लाज जागी केली. चहा आला, सिगारेटी आल्या, आणि ग्रेवालांची सुटका झाली. समोरच्याची अब्रू राखूनच त्याच्याकडून कबुली मिळवावी, ही जाण आपल्या गावपंचायतीतील जुन्या पाटलांना असे. थोरात जन्माने पाटील होते, ही गोष्ट मला येथे अर्थपूर्ण वाटते.

बहुसंख्य कैद्यांना स्वदेशी परतण्याविषयीच्या समजुतीसाठी बोलाविणे शेवटपर्यंत साधले नाही, म्हणून हे कार्य अपुरे राहिले असे म्हणणारे म्हणतात. मला ते मान्य नाही. कैद्यांना बळाने ओढून आणण्यास भारतीय सेनेने नकार दिला आणि मुदत संपताच जानेवारी १९५४ मध्ये त्यांना ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्या स्वाधीन केले. हवाल्यातील माणसांशी यापेक्षा सचोटीचे वर्तन कोणते? त्याबद्दल थोरातांना अशोकचक्राचा द्वितीय वर्ग मिळाला. परमुलखातील अशी जोखीम भारतीय अधिकाऱ्यावर पुढेही सोपविली गेली : १९९२ साली युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले सेनापतिपद मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार यांच्याकडे आले.

ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील शिक्षकांना माझी विनंती आहे : येत्या शिवजयंतीस मुलांना गड जिंकल्याच्या कथा सांगाल, त्या अवश्य सांगा, त्यांच्याबरोबर कोरियाच्या छावणीतील त्या चहाची हकिगतही सांगा.